कळा आपोआप याव्यात, की आणाव्यात?

वाचकाचे पत्र थोडक्यात: पहिल्या बाळंतपणासाठी सातारा जिल्ह्यातील माहेरी आलेल्या 27 वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. अडतिसावा आठवडा पूर्ण झाला आहे. रक्तदाब, साखर, बाळाचे वजन, गर्भजल सगळे ठीक आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे, "तारीख उलटून दोन-तीन दिवस गेले आणि कळा आल्या नाहीत, तर दाखल व्हा, आपण कळा आणू." आईचे म्हणणे, दिवस भरले की बाळ आपल्या वेळेला येते, घाई कशाला. सासूबाईंचे म्हणणे, सलाइनच्या कळा बाळाला सोसत नाहीत. चुलत जावेला जेल ठेवून, सलाइन लावून शेवटी सिझर करावे लागले, ती भीती मनात बसली आहे. पती म्हणतात, एवढे हाल सोसण्यापेक्षा सरळ सिझरची तारीख घ्यावी. कोठेतरी असेही वाचनात आले की कळा आणलेल्या मुलांना पुढे स्वमग्नता होते. "नैसर्गिक कळांची वाट पाहणे हेच बाळासाठी आणि माझ्यासाठी चांगले नाही का?" असा पत्राचा प्रश्न आहे.

स. न.

तुमचे पत्र दोनदा वाचले. "नैसर्गिक कळा आल्या तर सगळे नीट होईल" हा विचार त्यात वेगवेगळ्या शब्दांत तीन ठिकाणी आला आहे. इच्छा अगदी रास्त आहे, पण या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे आणि तुमचा पेच बराचसा त्यातूनच आला आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

आपोआप आलेल्या कळा आणि औषधाने आणलेल्या कळा असे दोन पर्याय समोर असून त्यांतला एक तुम्हाला उचलायचा आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु कळा आपोआप येणे ही निवडण्याची गोष्टच नाही. ठरलेल्या दिवशी तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात: आज कळा आणणे, किंवा आज न आणता थांबणे. जे थांबतात त्यांच्यापैकी पुष्कळजणींना चार-पाच दिवसांत छान कळा येतात. काहींचा रक्तदाब त्या चार दिवसांत वाढतो, काहींचे पाणी कमी होते, काहींचे बाळ पोटात शी करते, आणि त्यांना अखेर घाईने कळा आणाव्या लागतात किंवा सिझर करावे लागते. म्हणजे तुलना करायची ती "आणलेल्या कळा" आणि "वाट पाहणे" यांच्यात, आणि वाट पाहण्याच्या पारड्यात ही सगळी फळे एकत्र मोजली पाहिजेत.

हा शब्दांचा खेळ नाही. संशोधनातील आकडे परस्परविरोधी दिसतात ते नेमके यामुळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातील 16 वर्षांच्या सुमारे पावणेपाच लाख बाळंतपणांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय कारण नसताना कळा आणलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझरचे प्रमाण 29.3 टक्के आणि आपोआप कळा आलेल्यांमध्ये 13.8 टक्के आढळले. हा आकडा वाचला की तुमच्या आईचे म्हणणे सोळा आणे खरे वाटते. पण या तुलनेत एका बाजूला फक्त त्याच स्त्रिया आहेत ज्यांना कळा आपोआप आल्या, म्हणजे ज्यांची वाट पाहणे फळले. वाट पाहूनही ज्यांना कळा आल्या नाहीत, त्यांना या बाजूला धरलेलेच नाही.

दुसऱ्या प्रकारचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि 2018 साली 'अराइव्ह' या नावाने गाजला. 41 रुग्णालयांतील 6,106 निरोगी पहिलटकरणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले: एका गटात 39 व्या आठवड्यात कळा आणायच्या, दुसऱ्या गटात वाट पाहायची आणि जे होईल ते मोजायचे. कळा आणलेल्या गटात सिझर 18.6 टक्के झाली आणि वाट पाहणाऱ्या गटात 22.2 टक्के. रक्तदाबाचे विकार कळा आणलेल्या गटात 9.1 टक्के, तर थांबलेल्या गटात 14.1 टक्के होते, कारण गर्भारपण जितके लांबते तितकी रक्तदाब चढायला संधी मिळते. बाळांच्या गंभीर त्रासाचे किंवा मृत्यूचे एकत्रित प्रमाण 4.3 आणि 5.4 टक्के होते. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून त्यावरून बाळांना नक्की फायदा झाला असे म्हणता येत नाही. मात्र नुकसान झाले नाही, हे नक्की म्हणता येते. कळा आणलेल्या स्त्रियांना प्रसूतीच्या खोलीत अधिक तास काढावे लागले, हेही नमूद केले पाहिजे.

तुमच्या चुलत जावेच्या अनुभवावरून "कळा आणल्या म्हणून सिझर झाले" हा निष्कर्ष काढू नये, असे मी म्हणते ते या आधारावर. तिचे दुःख खरे आहे. पण ती थांबली असती तर सिझर टळले असते की दोन दिवसांनी अधिक घाईत झाले असते, हे तिला, तुम्हाला किंवा मला कधीच कळणार नाही.

मग सरसकट सगळ्यांनी 39 व्या आठवड्यात दाखल व्हावे का? माझे मत तसे नाही. त्या अभ्यासासाठी पात्र असलेल्या स्त्रियांपैकी साधारण चौथा हिस्साच सहभागी व्हायला तयार झाला होता. बाकीच्यांना वाट पाहणे किंवा स्वतः ठरवणे पसंत होते, आणि ती पसंतीही मोलाची आहे. शिवाय तेथे प्रत्येक स्त्रीवर सतत लक्ष होते, बाळाचे ठोके यंत्रावर दिसत होते आणि "कळा आणणे फसले" असे घाईने ठरवले जात नव्हते. जेथे रात्री एकच परिचारिका चार बाळंतिणींकडे पाहते, तेथे हेच आकडे मिळतील असे धरून चालता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी गर्भारपणात 41 आठवडे पूर्ण होण्याआधी कळा आणण्याची शिफारस करत नाही, पण 41 पूर्ण झाल्यावर करते.

41 हा आकडा का, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या आईंना समजावताना तुम्हाला त्याची गरज पडेल. वार हा बाळाचा अन्नपाण्याचा आणि प्राणवायूचा आधार असतो आणि दिवस वर जाऊ लागले की त्याची ताकद उणावू शकते. हे बाहेरून दिसत नाही. दीड कोटींहून अधिक गर्भारपणांच्या एका एकत्रित विश्लेषणात पोटात बाळ दगावण्याचा धोका 37 व्या आठवड्यात दर हजारी 0.11 होता आणि 42 व्या आठवड्यात दर हजारी 3.18 पर्यंत गेला. धोका तसा लहानच आहे, पण तो आठवड्यागणिक वाढतो आणि ज्या घरावर येतो त्या घरासाठी तो पूर्ण असतो. स्वीडनमध्ये 41 आठवड्यांना कळा आणणे आणि 42 पर्यंत थांबणे यांची तुलना करणारी चाचणी सुरू होती. 2,760 स्त्रिया सहभागी झाल्या असताना ती मध्येच थांबवावी लागली: थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली होती आणि कळा आणलेल्या गटात एकही नाही. सिझरचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, दहा-अकरा टक्के होते. पुढे 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या अशा चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा कळा आणण्याचे धोरण असलेल्या गटांत 4 आणि वाट पाहणाऱ्या गटांत 25 बालमृत्यू दिसले. एक बाळ वाचवण्यासाठी सुमारे 544 स्त्रियांना कळा आणाव्या लागतात, असा त्यांचा हिशेब आहे. कोणी म्हणेल, 543 जणींना उगाच त्रास. कोणी म्हणेल, एका बाळासाठी हा त्रास काहीच नाही. दोन्ही माणसे शहाणी असू शकतात, परंतु निर्णय घेणाऱ्या स्त्रीला हा आकडा सांगितलाच गेला पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडच्या स्त्रियांच्या संदर्भात एक बाब वेगळी सांगायला हवी, कारण हे सदर परदेशातही वाचले जाते. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दक्षिण आशियात जन्मलेल्या मातांमध्ये पोटात बाळ दगावण्याचा 39 व्या आठवड्यातच तो धोका दिसला, जो तेथे जन्मलेल्या मातांमध्ये 41 व्या आठवड्यात दिसतो. 2021 साली इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना 39 व्या आठवड्यातच कळा आणण्याचा विचार करावा असे सुचवले होते. त्यावर खूप टीका झाली, कारण सेवा कमी पडते की शरीर वेगळे आहे हे न पाहता केवळ वंशावरून उपचार ठरत होता, आणि अंतिम सूचनांतून ते वाक्य वगळण्यात आले. मला ती टीका योग्य वाटते. तरीही इंग्लंड-ऑस्ट्रेलियात असलेल्या वाचक भगिनींनी चाळिशी ओलांडली की, म्हणजे 40 आठवडे झाले की, बाळाच्या हालचालींकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे.

आता तुमच्या डॉक्टरांच्या प्रस्तावाकडे येते. "तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी" हा काळ अगदी मधला आहे. त्यात कळा आणणे अघोरी नाही आणि सर्व तपासण्या ठीक असताना 41 पूर्ण होईपर्यंत थांबणेही बेजबाबदारपणाचे नाही. म्हणूनच या चार-पाच दिवसांत तुमच्या इच्छेला खरोखर वाव आहे. डॉक्टरांना सरळ विचारा: "माझ्या बाबतीत तेव्हाच कळा आणण्याचे काही विशेष कारण आहे का, की हा आपला नेहमीचा शिरस्ता आहे? मी 41 पूर्ण होईपर्यंत थांबले, तर मधल्या काळात कोणत्या तपासण्या कराल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. रक्तदाब वाढला असेल, मधुमेह असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, पाणी गेले असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर मात्र या चर्चेचा सूरच बदलतो; तेव्हा थांबण्याचा हट्ट धरू नका.

त्याआधी एक काम आजच करा. तुमची तारीख कशावरून काढली आहे ते फाइलमध्ये पाहा. शेवटच्या पाळीपासून 280 दिवस हा हिशेब आहे, पण पाळी अनियमित असेल तर तो चुकतो. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीची तारीख सर्वांत भरवशाची असते, आणि नवव्या महिन्यातील सोनोग्राफीवरून तारीख पुढे-मागे करायची नसते. मी अशा स्त्रिया पाहिल्या आहेत ज्यांचे "दिवस वर गेले" म्हणून कळा आणल्या आणि बाळ प्रत्यक्षात जेमतेम 38 आठवड्यांचे निघाले. 39 आठवड्यांपूर्वी विनाकारण जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची, काचेच्या पेटीत ठेवावे लागण्याची शक्यता अधिक असते. म्हणून मुहूर्त पाहून, पतीची रजा पाहून किंवा अमावास्या टाळण्यासाठी 37-38 आठवड्यांना बाळ काढून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांना मी हात जोडून नको म्हणते.

कळा आणण्याची वेळ आलीच, तर ते कितपत सोपे जाईल हे बरेचसे गर्भपिशवीच्या तोंडावर ठरते. तोंड किती उघडले आहे, किती पातळ व मऊ झाले आहे, पुढे आले आहे की मागे, बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच बाबींना गुण देण्याची बिशप गुणांकाची पद्धत 1964 पासून वापरात आहे. 13 पैकी 6 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे तोंड अजून तयार नाही. अशा वेळी थेट सलाइनमधून कळांचे औषध सुरू न करता आधी तोंड मऊ करावे लागते, त्यासाठी जेल, गोळ्या किंवा फोलीचा फुगा (तोंडात ठेवायची, टोकाला फुगा असलेली नळी) वापरतात. हा टप्पाच लांबतो. बारा-पंधरा तास काहीच हालचाल दिसत नाही, बाहेर बसलेले नातेवाईक अस्वस्थ होतात, "अजून कसे नाही" असे दर तासाला विचारतात, आणि त्या दबावाखाली पुष्कळ सिझर होतात. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 साली सुचवले की, आई व बाळ ठीक असतील तर हा सुरुवातीचा टप्पा 24 तास किंवा त्याहूनही अधिक चालू द्यावा, आणि पाणमोट फोडल्यावर कळांचे औषध किमान 12 ते 18 तास दिल्याशिवाय कळा आणणे फसले असे म्हणू नये. हा कालावधी तुमच्या घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. माझ्या मते पहिलटकरणीचे सिझर टाळण्यासाठी घरच्यांनी करण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

औषधांविषयीची भीतीही थोडी उलगडून पाहू. यातले एक महत्त्वाचे काम आपल्या नागपुरात झाले आहे. तेथील दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गर्भवतींवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 25 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची, दर दोन तासांनी तोंडावाटे देऊन, फोलीच्या फुग्याशी तुलना केली. 24 तासांत नैसर्गिक मार्गाने प्रसूती होण्याचे प्रमाण गोळीच्या गटात 57 आणि फुग्याच्या गटात 47 टक्के होते. बाळांच्या तब्येतीत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे योग्य मात्रेत, देखरेखीखाली ही साधी, स्वस्त साधने आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातही चालतात. मात्रा चुकली तर मात्र कळा एकीवर एक येतात, दहा मिनिटांत पाचाहून अधिक, आणि दोन कळांमध्ये बाळाला दम खायला फुरसत मिळत नाही. सासूबाई म्हणतात ते "सोसत नाही" हे असेच होते, आणि त्यांनी ते कधीतरी पाहिलेले असणार. त्यांचे म्हणणे खोडू नका, त्यावरून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तयार करा: "औषध सुरू असताना बाळाचे ठोके कोण आणि किती वेळाने पाहील? रात्री सिझरची गरज पडली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतील?" याचे उत्तर समाधानकारक नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात नाव नोंदवण्याचा विचार आताच करा. ज्यांचे आधी सिझर झाले आहे त्या वाचकांनी तर हे आवर्जून विचारावे. अशा गर्भपिशवीला मिसोप्रोस्टॉल देऊ नये, जुना टाका उसवण्याचा धोका असतो.

दुखण्याबद्दल खोटा धीर देणार नाही. सलाइनच्या कळा अनेकजणींना अधिक तीव्र वाटतात, कारण हळूहळू चढत जाण्याचा अवधी कमी मिळतो, आणि हाताला सलाइन व पोटाला पट्टा असल्याने हिंडता-फिरता येत नाही. वेदनाशमनाची सोय आहे का, हे आधी विचारा. सोबतीला आई, सासूबाई किंवा पती कोणी आत थांबू शकेल का, तेही विचारा. केंद्र सरकारच्या 2017 पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असण्याला मान्यता आहे. प्रसूतीनंतर थोडे अधिक रक्त जाण्याची शक्यता लांबलेल्या, औषधावर चाललेल्या कळांमध्ये असते, म्हणून हिमोग्लोबिन आताच पाहून घ्या.

स्वमग्नतेची भीती मनातून काढून टाका. 2013 साली अमेरिकेतील एका अभ्यासाने असा संबंध सुचवला होता. त्यानंतर 2016 मध्ये स्वीडनमधील तेरा लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच आईच्या, एक कळा आणलेल्या आणि एक न आणलेल्या भावंडांची तुलना केली, तेव्हा तो संबंध उरला नाही. पहिल्या अभ्यासात दिसले ते औषधामुळे नव्हे, तर त्या कुटुंबांतील इतर कारणांमुळे होते.

तुमच्या पतींचे म्हणणे काळजीपोटी आहे, पण सिझर हा त्रासातून सुटण्याचा जवळचा रस्ता नव्हे. ती पोटाची शस्त्रक्रिया आहे; पुढच्या प्रत्येक गर्भारपणात वार खाली किंवा जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका ती मागे ठेवते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के आणि सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याचे आढळले. दोन्हीकडे येणाऱ्या स्त्रिया वेगळ्या असतात हे मान्य करूनही ही दरी वैद्यकीय कारणांची वाटत नाही. गरज पडली तर सिझर बिनदिक्कत करून घ्या. भीतीपोटी मागून घेऊ नका.

आणि एरंडेल घेऊ नका. जुलाब होतात, अंगातले पाणी कमी होते आणि कळांच्या ऐन वेळी थकवा येतो. आपोआप कळा येण्याची शक्यता वाढवायची असेल, तर 39 आठवड्यांनंतर डॉक्टरांनी बोटाने गर्भपिशवीच्या तोंडापासून पाणमोटेचा पडदा हलकेच सुटा करणे हा उपाय आहे. थोडे दुखते, किंचित रक्त दिसू शकते, पण पुढे औषधाने कळा आणण्याची गरज त्यामुळे काहीशी कमी होते. तुमच्या संमतीशिवाय तो करायचा नसतो, आणि तुम्ही होऊन मागू शकता.

तुमच्या जागी माझी मुलगी असती, तर तारखेची खात्री करून, चाळिसाव्या आठवड्यात तपासणीच्या वेळी पडदा सोडवून घ्यायला आणि सगळे ठीक असेल तर 41 पूर्ण होईपर्यंत, दर दोन-तीन दिवसांनी ठोके व गर्भजल तपासत थांबायला मी तिला सांगितले असते. आणि 41 पूर्ण होताच, मनात किंतु न ठेवता, दाखल हो म्हटले असते. चाळिसाव्यातच थकून गेल्यामुळे तिने "आता आणाच" म्हटले असते, तरी मी तिला अडवले नसते.

तोवर रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल पाहात जा. नेहमीपेक्षा ती कमी वाटली, पाणी गेले, रक्त दिसले, डोके जोरात दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा आहेत की नाहीत हे पाहात बसू नका, सकाळची वाट पाहू नका. गाडी कोणाची, चालवणार कोण आणि फाइल कोठे आहे, हे आज रात्री जेवताना घरात ठरवून ठेवा.